चतुर्थीचा नैवेद्य: उकडीचे मोदक करावेत की पातोळ्या?

गणेश चतुर्थीची पूजा मध्यान्हीची. म्हणजे साडेबारा-एकपर्यंत नैवेद्य ताटात हवा. संध्याकाळच्या सणाला जी सवड मिळते ती इथे मिळत नाही. त्यात आता घरात करणारे हात मोजके, जेवायला येणारी माणसं मात्र पूर्वीइतकीच, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना डॉक्टरांनी तळलेलं जपून खायला सांगितलेलं. अशा घरात गोडाला काय करायचं हे ज्यांचं अजून ठरलेलं नाही, त्यांच्यासाठी लिहितो आहे. उकडीचे मोदक आणि हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या, दोन्ही मी स्वतः करत आलो आहे. कृती तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

तळणीचे मोदक आधी बाजूला ठेवतो. कणीक-रव्याची पारी, सुक्या खोबऱ्याचं सारण; चार दिवस टिकतात, प्रवासात नेता येतात, मंडळात वाटायला त्यांच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. देशावर आणि विदर्भात कितीतरी घरांत नैवेद्याला तेच असतात आणि त्या घरांनी ते सोडावेत असं मी म्हणणार नाही. पण हलकं आणि सुटसुटीत हवं असेल तर चतुर्थीच्या सकाळी कढई चढवू नये. पुढच्या काही दिवसांत गौरी जेवतात, तेव्हा पुरणपोळी आहेच.

राहिले दोन वाफवलेले पदार्थ. दोघांचं साहित्य जवळपास एकच: तांदळाची पिठी, ओला नारळ, गूळ, वेलची, हवं तर जायफळ आणि खसखस. दोन वाट्या चवाला, म्हणजे खोवलेल्या ओल्या नारळाला, एक वाटी गूळ हे प्रमाण मी दोन्हींना वापरतो. गूळ साधाच घ्या, चिक्कीच्या गुळाने सारण निवल्यावर कडक होतं. पिठी आंबेमोहोराची मिळाली तर उत्तम, तो तांदूळ चिकट आणि वासाचा. म्हणजे खर्चात आणि बाजारहाटात फारसा फरक नाही. निवड करायची आहे ती वरच्या आवरणाची, आणि ते आवरण करायला लागणाऱ्या वेळेची.

उकडीचा मोदक नीट जमला तर त्याला तोड नाही, हे आधीच सांगतो. पारी इतकी पातळ की आतलं सारण तांबूस दिसावं, कळ्या एकसारख्या, नाक टोकदार, आणि फोडल्यावर तूप थेट सारणात उतरावं. शिवाय उरलेल्या उकडीत मिरची-जिरं वाटून घातलं की निवगऱ्या होतात. आमच्याकडे त्यांच्यासाठी मुद्दाम जास्त उकड काढतात. पातोळ्यांच्या बेतात ही सोय नाही, आणि मोदकाच्या बाजूने मला हा मोठा गुण वाटतो.

माझं पारडं पातोळ्यांकडे ज्या गोष्टीने झुकलं ती कळ्यांची नाही. कळ्या सरावाने जमतात, नाही जमल्या तर साचा आहे. साच्यातल्या मोदकाची पारी थोडी जाड ठेवावी लागते आणि चवीत तो हातवळणीच्या मोदकाच्या मागे राहतो, पण वेळेला चालून जातो. खरी अडचण उकडीची आहे. तांदळात गव्हासारखं ग्लुटेन नसतं. उकळत्या पाण्याने पिठीतला स्टार्च फुलतो, चिकट होतो, आणि त्या चिकटपणावरच पारी टिकते. उकड निवत गेली की तो स्टार्च पुन्हा घट्ट होऊ लागतो. म्हणून ती हाताला चटके बसत असताना मळायची आणि ऊब असेपर्यंत वळून संपवायची. ओल्या फडक्याखाली झाकली तरी शेवटच्या चार-पाच मोदकांपर्यंत ती पहिल्यासारखी राहत नाही. परत पाण्याचा हात लावा, परत मळा. वळलेले मोदक तसेच ताटात ठेवले तर वरून सुकतात, वाफेत तडकतात आणि गुळाचा पाक चाळणीतून खाली उतरतो. मोदक पाण्यात बुडवून चाळणीत ठेवतात, परातीतल्या उकडीला तेलाचा हात लावतात. मी हे सगळं करतो, त्याने फरकही पडतो, पण अडचण पुरती जात नाही.

याचा परिणाम असा की मोदक वळणारं माणूस साडेदहापासून साडेबारापर्यंत ओट्याशी बांधलेलं राहतं. नेमकी हीच पूजेची वेळ. बाहेर प्राणप्रतिष्ठा चाललेली असते, दूर्वा आणि पत्री वाहिली जाते, घरातली लहान मुलं पुढे बसलेली असतात, आणि एक माणूस दर वर्षी तिथे नसतं. बहुतेक घरांत ती आई असते. आमच्याकडे आरती सुरू झाली की आतून आवाज यायचा, “तुम्ही म्हणा, मी ऐकतेय.” तिने कधी तक्रार केली नाही. मला मात्र ते दर वर्षी जास्त खटकत गेलं. वर्षातून एकदा घरी येणाऱ्या देवाची पहिली आरती जिने सगळं केलं तिनेच स्वयंपाकघरातून ऐकावी, हे मला पटत नाही. नैवेद्याचा पदार्थ बदलावा असं मला वाटलं ते यामुळे.

पातोळीत हा तासा-दोन तासांचा अडकाव सुटतो. सारण आदल्या रात्री करून ठेवायचं. हळदीची पानं धुवायची, देठ काढायचे, मधली शीर जाड असेल तर सुरीने हलकी तासायची, नाहीतर पान दुमडताना फाटतं. ओल्या कापडात गुंडाळून ठेवली की सकाळी ती तशीच टवटवीत असतात. सकाळी पिठीत चिमूटभर मीठ घालून ती गार पाण्यात कालवायची, बोटांनी पसरता येईल पण पानावरून ओघळणार नाही इतकी घट्ट. पानावर पातळ थर, अर्ध्या बाजूला लांबीने सारण, पान मिटलं की पातोळी तयार. हे काम मुलांना आणि पाहुण्यांनाही देता येतं, कारण यात हाताचं कसब लागत नाही. उकड काढून ती पानावर थापणारी घरंही आहेत, तांदूळ भिजवून वाटणारीही आहेत. वाटलेल्या तांदळाची चव जास्त चांगली लागते असं मलाही वाटतं, पण सणाच्या सकाळी मी पिठीवरच भागवतो.

महत्त्वाची गोष्ट अशी की पान आवरणाला झाकून ठेवतं. भरून मिटलेली कच्ची पातोळी वर ओलं फडकं टाकलं तर माझ्या अनुभवात तासभर सहज राहते, सुकत नाही, तडकत नाही. तेव्हा पूजेला बसण्याआधी सगळ्या पातोळ्या चाळणीत रचून ठेवायच्या आणि आरतीच्या आधी पात्राखाली गॅस लावायचा. मोदकपात्र नसेल तर इडलीपात्र किंवा शिट्टी काढलेला कुकर चालतो. साधारण पंधरा मिनिटं वाफ लागते. ‘सुखकर्ता’ म्हणायला सगळं घर बाहेर असतं आणि मंत्रपुष्पांजलीपर्यंत हळदीच्या पानाचा वास देवापर्यंत आलेला असतो. उतरवल्यावर लगेच पान सोलायला जाऊ नका, गरम असताना आवरण पानाला चिकटतं. दोन-तीन मिनिटं दम धरला की पान अलगद सुटतं आणि शिरांची नक्षी पातोळीवर उमटलेली दिसते.

हलकेपणाचं म्हणाल तर नारळ आणि गूळ दोन्हीकडे आहेत, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी दोन्ही जपूनच खावं. पण पातोळीचं आवरण पातळ, सारण एका ओळीत पसरलेलं, आणि पानाच्या वासामुळे ती तुपाशिवायही चांगली लागते. मोदक मात्र तुपाशिवाय माझ्याच्याने खाववत नाही, इतरांचंही तसंच असावं. मोजमाप काही केलेलं नाही. एवढं पाहिलं आहे की मोदकांच्या जेवणानंतर घर दुपारभर आडवं होतं, आणि पातोळ्या असल्या की मंडळी चारलाच चहा मागतात. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीची बिनतेलाची ऋषीची भाजी असते, तिच्या आधीच्या दिवशी जेवण बेताचं झालेलं पोटालाही बरं वाटतं.

पातोळ्यांना सणाचा मान कमी आहे असं मात्र समजू नका. नागपंचमीला अनेक घरांत चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही असा नेम असतो, आणि कोकणात त्या दिवशी पातोळ्या ठरलेल्या. गोव्यात हिंदू घरांत त्या श्रावण-भाद्रपदात होतात, आणि कॅथलिक घरांत १५ ऑगस्टला, मारियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला करतात. पावसाळ्यात हळदीची पानं हातभर वाढलेली असतात, तेव्हाचा हा पदार्थ आहे. कोकणात काकडीच्या पातोळ्याही करतात: तवसं किसून त्यात गूळ आणि तांदळाचा रवा किंवा पीठ मिसळायचं, पानात भरायचं, वाफवायचं. सारणाचीही गरज नाही. नारळ नको असणाऱ्यांसाठी याहून सोपं गोड मला माहीत नाही.

आता पातोळ्यांच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी. पहिली आणि मोठी, पान. मुंबई-ठाण्यात, कोकणात, गोव्यात चतुर्थीच्या आठवड्यात जुड्या बाजारात येतात. आतल्या शहरांत शोधावी लागतात आणि परदेशात बहुतेक वेळा मिळत नाहीत. केळीच्या पानात पातोळी होते, पण वास गेला की निम्मी पातोळी गेली. मे-जूनमध्ये हळकुंडाचा ओला तुकडा कुंडीत लावला तर भाद्रपदापर्यंत घरच्यापुरती पानं निघतात, मी तेच करतो. पानाचा प्रश्न सुटणारच नसेल तर पुरणाची दिंडं करा. कणकेची लाटी, आत पुरण, चौकोनी घडी, वाफ; देशावर नागपंचमीला ती होतातच, आणि उकडीसारखी घाई त्यात नाही. दुसरी गोष्ट, प्रसाद हातावर द्यायचा तर पातोळी चपटी आणि किंचित चिकट, मोदक सुबक. आणि तिसरी, नैवेद्याच्या एकवीस मोदकांचा संकल्प. तो ज्यांच्या घरात आहे त्यांना पातोळ्या पुरेशा वाटणार नाहीत, आणि ते वाटणं योग्यच आहे.

तेव्हा ज्या घरात वळायला तीन-चार सराईत हात आहेत तिथे मोदकच करावेत, त्या हातांना ती सकाळ एकत्र घालवण्याचा आनंदही असतो. हात एक-दोनच असतील तर माझं मत पातोळ्यांकडे जातं. थोरांचं मन मोडायचं नसेल तर सारण एकच करून पाच किंवा अकरा मोदक लवकर वळून वाफवून घ्या; एवढे मोदक उकड गरम आहे तोवर आरामात होतात. ते देवापुढे, आणि जेवणाच्या पानांत पातोळ्या. वाफवलेले मोदक झाकून ठेवले की नैवेद्यापर्यंत मऊ राहतात. फ्रिजमध्ये ठेवू नका, पारी कडक होते. चुकून ठेवलेच तर पुन्हा पाच मिनिटं वाफ द्या.

पानं दोन-तीन दिवस आधी घ्या. आदल्या संध्याकाळी बाजारात जुड्या असतात, पण त्यांत लहान आणि चिरलेलीच पानं जास्त निघतात. वीतभर रुंद, कोवळी, गर्द हिरवी पानं पाहून घ्या आणि लागतील त्याहून पाच-सहा जास्त घ्या.