दुखरे गुडघे, हळवे कान आणि थीम पार्कचा वार्षिक पास: काही महिन्यांनंतर

आधी निकाल सांगते, खुलासा नंतर. थीम पार्कमध्ये माझ्या कानांना सगळ्यात जास्त आराम दिला तो घडीच्या स्टुलाने. इअरमफ, म्हणजे आवाज अडवायला दोन्ही कान झाकणाऱ्या वाट्या, दुसऱ्या क्रमांकावर. ऐकायला विचित्र वाटेल, पण इतके महिने वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय.

माझी परिस्थिती अशी, की आवाज, लखलखाट आणि अनोळखी माणसांचे धक्के हे तिन्ही एकदम अंगावर आले की डोकं बंद पडतं, साध्या प्रश्नाचं उत्तर सुचत नाही. त्यात सांधे नको तेवढे लवचीक. उभं राहिलं की गुडघे मागे वाकतात आणि थोड्या वेळात कंबर भरून येते. चालणं त्यामानाने जमतं, एका जागी उभं राहणं अजिबात नाही. आणि एवढं असून रोलर कोस्टर मला मनापासून आवडतो! ताई आणि भाचीबरोबर जायचं ठरलं तेव्हा मी एका दिवसाच्या तिकिटाऐवजी वार्षिक पासच काढला.

पासाबद्दल लोक विचारतात ते "किती वेळा गेलं की पैसे वसूल होतात?" माझ्या दृष्टीने हा प्रश्नच गैरलागू आहे. दिवसाचं तिकीट हातात असलं की संध्याकाळपर्यंत रेटायचा दबाव येतो, आणि नेमक्या त्या शेवटच्या दोन-तीन तासांत माझी वाट लागते. पास असला की सकाळी दार उघडताना आत शिरायचं, दोन राइड करायच्या आणि गर्दी वाढायच्या आत बाहेर पडायचं. अर्ध्यातून निघताना जीव हळहळत नाही. जाहिरातीत हे कुठेच लिहिलेलं नसतं, पण माझ्यासारखीसाठी पासात विकत घेण्यासारखी गोष्ट हीच आहे.

आता स्टूल. कोस्टरची राइड असते दोन-तीन मिनिटांची, रांग तासाची. आवाज सहन न होणाऱ्या बाईला कोस्टर कसा चालतो, असं अनेकांना वाटतं. राइडमध्ये मला काही ठरवायचं नसतं, कुणी मध्येच हात लावत नाही आणि मांडीवरचा बार अंग घट्ट धरून ठेवतो. असा सलग, पक्का दाब माझ्यासारख्या अनेक ऑटिस्टिक माणसांना शांत करतो. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अमेरिकन पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी तर तरुणपणी स्वतःसाठी दोन्ही बाजूंनी अंग दाबणारं यंत्र बनवलं होतं, तेही लस टोचताना गुरांना धरून ठेवणारा पिंजरा पाहून. तेव्हा राइडचं मला काही वाटत नाही. मला संपवते ती रांग.

एका जागी उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, कारण ते वर ढकलणारे पोटरीचे स्नायू चालताना काम करतात, उभ्याने फारसं नाही. वीसेक मिनिटांत कंबर ठणकू लागते, आणि त्याच सुमाराला लाउडस्पीकरवरची तीच ती धून, जी रांगेत शिरताना नीट सहन होत होती, कानात सुईसारखी टोचू लागते. धून बदललेली नसते, आवाजही वाढलेला नसतो. दुखणं सहन करायला जी ताकद लागते तीच आवाज सहन करायला लागते. बसायला मिळालं की आवाज आपोआप मागे सरकतो.

वापरते ते प्लास्टिकच्या कड्यांचं, ओढून आणि पिळून उंच होणारं स्टूल. मिटलं की जाड थाळीएवढं होतं, पट्ट्याने खांद्याला लटकवता येतं. त्याआधी तीन पायांचं कापडी स्टूल वापरून पाहिलं होतं. ते हलकं होतं, पण इतकं बुटकं की उठताना गुडघ्यांवर सगळा भार यायचा, आणि कापडाची कड मांडीत रुतायची. बसायला जागा मिळाली एवढ्यावर भागत नाही. उंची साध्या खुर्चीएवढी, म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर हवी, कारण रांग दर दोन मिनिटांनी सरकते आणि तेवढ्या वेळा उठावं लागतं. तक्रारी म्हणाल तर, उतारावर हे स्टूल डुगडुगतं आणि उघडमीट करताना कटकट वाजतं. काही पार्कमध्ये स्टूल आत नेऊ देत नाहीत, तेव्हा नियम आधी वाचून घ्या. एका ठिकाणी दारावरच्या माणसाने अडवलं, मग वरिष्ठांना विचारून सोडलं, पण तेवढ्या हुज्जतीत माझी सकाळ गेली. राइडच्या फलाटावर स्टूल लॉकरमध्ये किंवा न बसणाऱ्या माणसाकडे द्यावं लागतं. आमच्याकडे ते काम ताईचं, कारण तिला कोस्टरचा मनस्वी तिटकारा आहे.

काठीला बसायची गादी जोडलेली असते तो प्रकारही थोडे दिवस वापरला. ज्यांना चालतानाही आधार लागतो त्यांना तो जास्त बरा पडेल. मला त्याच्यावर निवांत टेकता आलं नाही, पडू की काय या काळजीने पाठ ताठच राहायची.

कानांसाठी माझ्याकडे तीन गोष्टी आहेत: फोमचे इअरप्लग, इअरमफ आणि नॉइज कॅन्सलिंग हेडफोन. सगळ्यात महाग हेडफोन, आणि पार्कसाठी सगळ्यात कमी उपयोगाचे तेच. बाहेरच्या आवाजाच्या उलट लहर तयार करून तो पुसायचा हे त्यांचं तंत्र, आणि ते जमतं सलग घुमणाऱ्या खालच्या पट्टीतल्या आवाजांसाठी: जनरेटर, पंखे, एसी. अचानक उठलेली किंकाळी, शिट्टी, रडणारं मूल यांच्यापुढे ते तंत्र फारसं चालत नाही. उलट मागची घरघर पुसली गेल्याने किंकाळ्या आणखी उठून येतात.

इअरमफ साधे, कारखान्यात वापरतात तसे. किंकाळ्यांना हेच उत्तर आहे. पाकिटावरच्या डेसिबलच्या आकड्याने मात्र हुरळून जाऊ नका. तो प्रयोगशाळेतला असतो, आणि प्रत्यक्षात बराच कमी आवाज अडतो. चष्म्याची दांडी मफच्या गादीखाली आली की फट पडते आणि तिथून आवाज सरळ आत येतो. मी पातळ दांडीचा चष्मा घेतला, त्याने फरक पडला. प्लग आणि मफ एकावर एक घातले तरी आकड्यांची बेरीज होत नाही. दोन्हींतला मोठा आकडा घ्यायचा आणि त्यात साधारण ५ डेसिबल मिळवायचे, एवढाच फायदा, कारण काही आवाज कवटीच्या हाडांतूनच आत पोचतो. तेवढे ५ डेसिबलसुद्धा मी परेडच्या वेळी आनंदाने घेते.

फोमचा प्लग नीट बसवायचा तर बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, मग आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता टोचून ठेवलेला प्लग शोभेचा. प्लग घातले की स्वतःचा श्वास आणि पावलं डोक्यात घुमतात, आणि काहींना तेच जास्त छळतं. मला सवय झाली. राइडवर हेडफोन आणि मफ चालत नाहीत, उडून दुसऱ्याला लागू शकतात, त्यामुळे तिथे प्लगच.

स्वच्छतागृहातले हात वाळवायचे यंत्र हा माझा खास शत्रू. २०१९ मध्ये कॅनडातल्या एका शाळकरी मुलीने अशा यंत्रांचा आवाज लहान मुलांच्या कानांच्या उंचीवर मोजून शोधनिबंध प्रसिद्ध केला होता, आणि काही यंत्रं १०० डेसिबलच्या वर गेली होती. मी रुमाल बाळगते आणि आत शिरायच्या आधीच मफ चढवते. भाचीने हे पाहून स्वतःसाठीही मफ मागून घेतले. "मावशी, मलापण ते आवडत नाही, मला वाटायचं सगळ्यांना आवडतं," म्हणाली.

डोळ्यांचं थोडक्यात. बाहेर उन्हात काळा गॉगल आणि रुंद काठाची टोपी. पण तोच गॉगल आतल्या रांगेत लावून ठेवू नका, डोळे अंधाराला सरावतात आणि मग साधा दिवाही खुपतो. आत मी एफएल-४१ नावाची गुलाबीसर काच वापरते. मायग्रेनमध्ये उजेड सहन न होणाऱ्यांसाठी ती बऱ्याचदा सुचवली जाते, निळा-हिरवा भाग कमी करते. ट्यूबलाइटखाली फरक जाणवतो, लुकलुकणाऱ्या झोतांपुढे मात्र तिचं काही चालत नाही. तिथे नुसते डोळे मिटूनही भागत नाही, पापणीतून उजेड आत येतोच. तळहात घट्ट दाबून धरावा लागतो. अपस्माराचा त्रास असणाऱ्यांनी दारावरची सूचना वाचल्याशिवाय आत जाऊच नये. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश जास्त धोक्याचा मानतात.

राइड निवडताना मी आता उंचीकडे पाहत नाही, बसायची जागा आणि पकड पाहते. खांद्यावरून येणाऱ्या कडक पट्ट्यांवर प्रत्येक वळणाला डोकं आपटतं. नुसता मांडीवरचा बार असेल तर मान मोकळी राहते. डोकं मागे टेकवून, नजर पुढच्या रुळावर ठेवली की वळण कुठे येतंय ते कळतं आणि मान आधीच सावरते. शेवटच्या डब्यात हिसका जास्त बसतो, आणि बऱ्याच गाड्यांत बरोबर चाकांवर येणारी ओळ जास्त हादरते, म्हणून मी मधल्या डब्यात चाकांपासून दूरची ओळ मागते. मागितली की बहुधा देतात. लाकडी कोस्टर मी सोडून दिले, कंबरेला ती थरथर झेपत नाही.

गंमत म्हणजे, सगळ्यात सौम्य वाटणाऱ्या सिम्युलेटरनेच मला मळमळतं. पडद्यावर आपण उडत असतो आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की बाई, तू जागेवरच आहेस. कोस्टरवर डोळे आणि कान दोघेही एकच गोष्ट सांगतात. आत बसून गोल फिरायच्या मोठ्या कपांचा त्रास वेगळा. ते थांबले तरी कानाच्या नलिकांतलं पाणी फिरतच राहतं. हे सगळ्यांना लागू पडेल असं नाही, ताईचं अगदी उलट आहे.

किरकोळ सामानाचं आता. गुडघ्याचा पट्टा धातूच्या पट्ट्यांचा असेल तर दारावरचं यंत्र वाजतं, तपासणी होते, कुणीतरी हात लावतं. मी तो पिशवीत ठेवते आणि आत गेल्यावर बांधते. पाण्याच्या राइडआधी काढायलाच हवा, ओला पट्टा तासाभरात कातडी सोलतो. ओले कपडे अंगाला चिकटणं मला दुखण्यापेक्षा असह्य होतं, त्यामुळे मोज्यांसकट कोरडा जोड कायम जवळ असतो. भिजवून गळ्यात घालायचा थंडावा देणारा टॉवेल कोरड्या हवेत उत्तम, दमट हवेत नुसतं ओलं फडकं, कारण पाणी उडालंच नाही तर गारवा येणार कुठून.

व्हीलचेअर. हिचा विचार करायला मी फार दिवस लावले असं मुळीच नाही, दुसऱ्याच भेटीत भाड्याने घेतली. कंबर दिवसभर शांत राहिली. पण बसल्यावर आपला चेहरा लोकांच्या कंबरेच्या उंचीवर येतो. पाठीवरच्या पिशव्या, कोपरं, हातातल्या पेल्यांचे काठ सगळं तोंडासमोर. फरसबंदीवरची खडखड थेट दातांपर्यंत येते. शरीराचं दुखणं कमी झालं आणि स्पर्शाचा त्रास दुप्पट झाला. आता मोठं अंतर कापायचं असेल तेव्हाच घेते, गर्दीच्या रस्त्यावर नाही.

रांगेच्या सवलतीबद्दल खूप विचारणा होते. बऱ्याच मोठ्या पार्कमध्ये अशी सोय असते की तुम्हाला परत यायची वेळ देतात आणि तोवर रांगेबाहेर थांबता येतं. वेळ तेवढाच लागतो, फक्त उभं राहावं लागत नाही. नियम सतत बदलतात. डिस्नेने अशी व्यवस्था २०१३ मध्ये आणली आणि २०२४ मध्ये निकष आवळून ती मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासाशी निगडित अडचणींपुरती ठेवली. अर्ज करताना आजाराचं नाव सांगून थांबू नका. रांगेत नेमकं काय होतं ते सांगा: किती वेळ उभं राहता येतं, त्यानंतर काय बिघडतं, सावरायला काय लागतं. मी हे कागदावर लिहूनच नेते, कारण खिडकीसमोर माझी वाचा बसते.

वरून न दिसणारं अपंगत्व आहे हे सांगणारी, हिरव्या पट्टीवर पिवळी सूर्यफुलं असलेली ओळखपट्टी, जी २०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली, तीही मी गळ्यात घालते. तिने रांग टळत नाही. पण मी उत्तर द्यायला वेळ लावला तर कर्मचारी आवाज चढवत नाहीत, वाट पाहतात. ऑटिझमसाठी प्रशिक्षित असल्याचं प्रमाणपत्र मिळवलेली पार्कही आता आहेत, २०१८ मध्ये फिलाडेल्फियाजवळचं सेसमी प्लेस त्यातलं पहिलं. अशा ठिकाणांच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडला आवाज, उजेड, स्पर्श, वास यांचे वेगवेगळे गुण दिलेले सापडतात. मला प्रमाणपत्रापेक्षा तो तक्ता मोलाचा वाटतो. आमच्या पार्कात तसा तक्ता नाही, म्हणून मी आणि भाचीने आमचा आम्हीच केला. वासाच्या रकान्यात कृत्रिम धुकं असलेल्या भुताच्या घराला तिने सरळ भोपळा दिलाय.

पास पुन्हा घेणार का? घेणार, पण पुढच्या वेळी सुट्ट्या आणि सणांच्या तारखा वगळलेला स्वस्त प्रकार. त्या तारखांना मी तशीही घरीच असते.