आरक्लोन माउंट: फाइल क्लाउडवर, आकार मात्र खरा

सोलापूरच्या नवी पेठेत माझं व्हिडिओ एडिटिंगचं काम चालतं. जानेवारीत गड्डा यात्रा आली की सात नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, असं भरपूर फुटेज जमतं आणि ते क्लाउडवर ठेवावं लागतं. क्लिप कुणाला द्यायची तर आधी तिचा आकार कळायला हवा, कारण एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीची फाइल बसतच नाही. आधीचं सिंक ॲप न उतरवलेल्या फाइलीपुढे शून्य केबी दाखवायचं. त्या आकड्यावर कुणी काय ठरवायचं?

आता मी आरक्लोन (rclone) वापरतो. क्लाउडवरच्या फाइली हाताळायचं हे साधन मोफत आणि ओपन सोर्स आहे. माउंट केलं, म्हणजे संगणकाला जोडून घेतलं, की क्लाउडमधलं फोल्डर ड्राइव्हसारखं दिसतं. यादी मागवतानाच आकार सर्व्हरकडून येतो, त्यामुळे एक बाइटही न उतरवता पूर्ण आकडा समोर असतो. मला सर्वांत आवडलं ते पुढचं. फाइलीचा आकार आणि तिने डिस्कवर व्यापलेले ब्लॉक (जागेचे ठरावीक तुकडे) या दोन वेगळ्या नोंदी असतात. माउंटवर आरक्लोन आकारावरून ब्लॉकही मोजून भरतं. ब्लॉक शून्य दिसले की आत नुसती पोकळी आहे असं धरणारी बॅकअप साधनं असतात, म्हणून ही काळजी मला फार मोलाची वाटते. आपल्या डिस्कवर खरोखर किती आलंय ते पाहायचं तर कॅशच्या, म्हणजे उतरवलेला भाग तात्पुरता साठवणाऱ्या, फोल्डरवर डीयू (du, व्यापलेली जागा मोजणारी कमांड) चालवा. माउंट करताना कॅशचा प्रकार ‘फुल’ ठेवला तर वाचलेला भागच तिथे जागा घेतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गूगल डॉक्सच्या फाइलींचा आकार त्या उतरवल्याशिवाय आरक्लोनला कळत नाही, म्हणून माउंटवर त्या शून्य दिसतात. शिवाय फोल्डरची यादी ५ मिनिटं जपून ठेवली जाते. सर्व्हरकडून बदलाची खबर मिळत नसेल तर दुसऱ्याने बदललेल्या फाइलीचा जुना आकार तेवढा वेळ दिसू शकतो.

बहुतेक काम कमांड टाइप करून चालतं, नवख्याला ते जड जाईल. विंडोजवर माउंटसाठी आधी विनएफएसपी (WinFsp) हे जोडसॉफ्टवेअर टाकावं लागतं. आणि कॅश एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या बाहेरच्या डिस्कवर ठेवू नका. तिथे अर्धवट भरलेल्या फाइलींची सोय नाही. एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ फॉरमॅटची डिस्क घ्या.