फ्रीबीएसडीतली कर्नल सेटिंग्ज: सिसकंट्रोल, लोडर की स्वतःचा कर्नल?

फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कर्नलची, म्हणजे तिच्या गाभ्याची, सेटिंग्ज तीन ठिकाणी बदलता येतात: चालू मशीनवर सिसकंट्रोल या कमांडने, बूट होताना लोडरमधून (कर्नल मेमरीत चढवणारा छोटा प्रोग्राम), किंवा कर्नल स्वतः कंपाइल करून. माझा कल आधीच सांगतो. सिसकंट्रोलने भागत असेल तर लोडरच्या वाटेला जाऊ नये आणि लोडरने भागत असेल तर कंपायलरला हात लावू नये.

सिसकंट्रोलचा फायदा असा की बदल तिथल्या तिथे दिसतो. समजा वेब सर्व्हरवर गर्दी झाली आणि लॉगमध्ये ‘लिसन क्यू ओव्हरफ्लो: 193 ऑलरेडी इन क्यू’ अशी ओळ आली. हा 193 आकडा आकाशातून पडलेला नाही. सोमॅक्सकॉन म्हणजे स्वीकारायच्या बाकी असलेल्या जोडण्यांच्या रांगेची मर्यादा. ती मुळात 128, कर्नल त्याच्या दीडपट म्हणजे 192 पर्यंत सूट देतो, रांग त्यापुढे गेली की कुरकुर सुरू. सोमॅक्सकॉन 1024 करा, रीबूट लागत नाही. मात्र जोडण्यांची वाट पाहत आधीपासून ऐकत बसलेल्या सॉकेटला जुनीच मर्यादा राहते, म्हणून वेब सर्व्हर, समजा एनजिनएक्स, रीस्टार्ट करावा लागतो. हे न केल्याने ‘सेटिंग लागूच होत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. आकडा चुकला तरी बिघडत नाही. सिसकंट्रोल डॉट कॉन्फ या फाइलमध्ये लिहिला नसेल तर रीबूटनंतर जुना परत येतो.

काही गोष्टी मात्र कर्नल उठतानाच ठरतात. उदाहरणार्थ मॅक्सप्रॉक, म्हणजे प्रोसेसची कमाल संख्या. ती सिसकंट्रोलने बदलायला गेलात तर ‘रीड ओन्ली ट्यूनेबल’ असं सुनावून तो स्वतःच लोडरच्या सेटिंग्जच्या फाइलकडे, लोडर डॉट कॉन्फकडे, बोट दाखवतो. तिथे प्रत्येक प्रयोगाला एक रीबूट. चुकीच्या आकड्याने बूट अडलं तर लोडरच्या प्रॉम्प्टवर ‘सेट’ने तो सुधारून पुढे जाता येतं, पण त्यासाठी कन्सोल, म्हणजे मशीनचा थेट स्क्रीन-कीबोर्ड, हवा. दूरच्या डेटा सेंटरमधल्या, कन्सोल नसलेल्या मशीनवर हे धाडस मी करणार नाही.

लोडरची खरी खोड वेगळीच आहे. सिसकंट्रोलला नाव चुकीचं दिलं तर तो लगेच ‘अननोन ओआयडी’, म्हणजे असं सेटिंगच माहीत नाही, म्हणतो. लोडर मात्र चुकीचं नावही मुकाट्याने ठेवून घेतो, आणि सेटिंग लागलं या भ्रमात आपण महिने काढतो. म्हणून बूटनंतर सिसकंट्रोलने किंमत वाचून पाहावीच. कुठलं सेटिंग कुठे चालतं हेही तोच सांगतो: मोठ्या टी पर्यायाने लोडरमधली यादी मिळते, मोठ्या डब्ल्यूने चालू मशीनवर बदलता येणारी, लहान डीने प्रत्येकाचं एका ओळीत वर्णन. झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या एआरसीची (रॅममधल्या कॅशची) कमाल मर्यादा जुन्या लेखांत फक्त लोडरमध्ये टाकायला सांगितलेली असते. आताच्या आवृत्त्यांत ती चालू मशीनवरही बदलते.

स्वतःचा कर्नल? जेनेरिकमध्ये, म्हणजे फ्रीबीएसडीसोबत तयार येणाऱ्या कर्नलमध्ये, नसलेला एखादा ऑप्शन खरोखर हवा असेल तरच. जेलना (एकाच मशीनवरचे वेगळे केलेले कप्पे) स्वतंत्र नेटवर्क देणारा व्हीइमेज हे पूर्वी मोठं कारण होतं, पण आवृत्ती 12 पासून तो जेनेरिकमध्येच आहे. शिवाय फ्रीबीएसडी-अपडेट हा अपडेटचा प्रोग्राम तयार कर्नल देतो तो जेनेरिकच. तुमचा कर्नल सुरक्षा पॅच आला की पुन्हा तुम्हीच बांधायचा.

ट्यूनिंगच्या जुन्या याद्या जशाच्या तशा उचलू नका. नेटवर्क बफरची एनएमबीक्लस्टर्स मर्यादा कर्नल आता रॅम पाहून स्वतः ठरवतो. 64 जीबीच्या मशीनवर जुन्या यादीतला 32768 टाकणं म्हणजे ती कापणं. चालू मशीनवर सिसकंट्रोल ती कमी करूच देत नाही; लोडर देतो, तेही एक शब्द न बोलता.