लिनक्सवर रास्पबेरी पाय इमेजर: डीडी हाताशी असतानाही

लिनक्स वापरणाऱ्याकडे डेटा जसाच्या तसा डिस्कवर उतरवणारी डीडी ही आज्ञा आयतीच असताना मेमरी कार्डावर ऑपरेटिंग सिस्टीमची इमेज (एका फाइलमधली तयार प्रत) लिहिण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम कशाला हवा, हा प्रश्न रास्त आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी असे कार्ड तयार करणारे रास्पबेरी पाय इमेजर २०२० च्या मार्चमध्ये आले. मोफत आणि मुक्तस्रोत असलेले हे साधन जुन्याजाणत्यांना नवशिक्यांसाठीचे वाटू शकते. मला मात्र ते टर्मिनलमध्ये रुळलेल्या माणसालाही उपयोगाचे वाटते, कारण त्याची खरी कामगिरी लिहिण्यात नसून लिहिण्याच्या आधी आणि नंतर आहे.

डीडीला चुकीच्या डिस्कचे नाव दिले की ती पुसली जाते, हे सर्वांना ठाऊक असते. कमी बोलला जाणारा धोका कॅशचा, म्हणजे लिहायचा डेटा तात्पुरता रॅममध्ये ठेवला जाण्याचा आहे. आज्ञा संपून प्रॉम्प्ट परत आला, तरी बराच डेटा अजून रॅममध्येच असू शकतो, आणि त्याच क्षणी कार्ड उपसले तर इमेज अर्धवट राहते. त्यासाठी डेटा कार्डावर उतरेपर्यंत आज्ञेला थांबवणारा एफसिंकचा पर्याय जोडता येतो, पण तो जोडूनही कार्डावर नेमके काय उतरले, हे डीडी वाचून पाहत नाही. इमेजर पाहते. लिहून झाल्यावर ते कार्ड पुन्हा वाचते आणि मजकूर जुळला नाही तर तसे स्पष्ट सांगते. यात वेळ जातो खरा, पण ही पायरी वगळू नये. अर्थात, खोटी क्षमता छापलेले नकली कार्ड एवढ्याने हमखास पकडले जात नाही, कारण तपासणी इमेजपुरतीच होते. त्यासाठी एफ३ हे वेगळे साधन वापरावे.

एक्सझेड या आकुंचित स्वरूपातली इमेज आधी उलगडून ठेवावी लागत नाही, हीही सोय आहे. मात्र सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आधीच भरता येणारी माहिती: होस्टनेम (नेटवर्कवरचे संगणकाचे नाव), वापरकर्ता, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकाच्या टर्मिनलमधून जोडले जाण्याची सोय). एप्रिल २०२२ पासून रास्पबेरी पाय ओएस या पायच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये पाय नावाचा ठरावीक वापरकर्ता उरलेला नाही. त्यामुळे स्क्रीन आणि कीबोर्ड न जोडता पाय चालू करायचा असेल, तर डीडीवाल्याला कार्डाच्या बूट विभागात (सुरू होताना लागणाऱ्या फाइलींच्या भागात) युजरकॉन्फ ही फाइल कूटबद्ध पासवर्डसह हाताने ठेवावी लागते. इमेज लिहिण्याचे दुसरे साधन, बलेना एचर, लिहिलेले तपासून पाहते, पण ही माहिती भरण्याची सोय त्यात नाही, शिवाय ब्राउझरचे इंजिन सोबत बाळगणाऱ्या इलेक्ट्रॉनवर बांधलेले असल्याने एवढ्याशा कामासाठी ते जडही वाटते.

उणिवा आहेत. डेबियन या लिनक्स वितरणाच्या स्थिर आवृत्तीच्या भांडारात मिळणारे इमेजर बरेचदा जुने असते. आपल्याकडची इतर कुठलीही इमेज ते लिहून देते, पण तिच्यात वरील माहिती भरली जाईलच असे नाही. सिस्टीमची डिस्क यादीतून लपवली जात असली, तरी यूएसबीने जोडलेली हार्ड डिस्क तेथे दिसू शकते, म्हणून आधी डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके ही आज्ञा चालवून आकार पाहण्याची सवय सोडू नये. ३२ जीबीचे कार्ड तेथे साधारण २९.७जी असे दिसते.

खिडकी न उघडता स्क्रिप्टमधून बरीच कार्डे लिहायची असतील, तर इमेजर सीएलआय (फक्त आज्ञेने चालवण्याच्या) पर्यायासह टर्मिनलमधूनही चालते, आणि लिहिलेले तपासून पाहण्याची सोय तेथेही मिळते.