फॉक्स ४० क्लासिक शिट्टी: पहिल्या व्हर्सिटी मॅचच्या तयारीत वापरली, त्याबद्दल

एका शिट्टीबद्दल एवढं काय लिहायचं असं वाटेल कुणाला, पण मी अमेरिकेतल्या हायस्कूल बास्केटबॉलची रेफ्री, आणि पहिली व्हर्सिटी (शाळेच्या मुख्य टीमची) मॅच हातात आली की कळतं शिट्टी काय चीज आहे ते, म्हणून लिहितेय. तीन सीझन मिडल स्कूल, फ्रेशमन (नववीची टीम) आणि जेव्ही (व्हर्सिटीच्या खालची टीम) केल्यावर या जानेवारीत असायनरचा, म्हणजे कुणाला कुठली मॅच ते ठरवणाऱ्याचा, मेसेज आला, शुक्रवारी रात्री व्हर्सिटी, तिघांचा क्रू, मी यू-टू, म्हणजे दुसरी अंपायर. आधी खूप आनंद झाला आणि पाचच मिनिटांत पोटात गोळा.

तोवर मी जी शिट्टी वापरायचे ती साधी, आत बारीक गोळी असते ना तसली, धातूची. जेव्हीला चालून जायची. पण एका मॅचला तिच्यात लाळ जाऊन गोळी अडकली, मी जीव खाऊन फुंकतेय आणि बाहेर नुसती हवा, तेवढ्यात दोन पोरं एकमेकांच्या अंगावर पडलेली आणि चेंडू तिसऱ्याच्याच हातात. फाऊलची मूठ वर केली होती मी, पण आवाजच नाही म्हटल्यावर हाताकडे बघतो कोण. ती रात्र डोक्यातून जाईना म्हणून व्हर्सिटीच्या आधी ही फॉक्स ४० घेतली, क्लासिक मॉडेल, तोंडाशी रबराची मऊ पट्टी असलेली.

आणि गंमत म्हणजे ही शिट्टी जन्मालाच आली ती अशाच एका रेफ्रीच्या अनुभवातून. रॉन फॉक्सक्रॉफ्ट, कॅनडातल्या हॅमिल्टनचे, १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकची बास्केटबॉल फायनल केलेला माणूस. १९८४ मध्ये ब्राझीलमधल्या एका मॅचमध्ये ऐन वेळी त्यांच्या शिट्टीतली गोळी अडकली. मग त्यांनी चक शेपर्ड नावाच्या डिझायनरला बरोबर घेऊन बिनगोळीची शिट्टी करायला घेतली आणि १९८७ च्या इंडियानापोलिसच्या पॅन अमेरिकन गेम्समध्ये ती लोकांसमोर आली. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला हो, एवढ्या मोठ्या माणसाचीसुद्धा शिट्टी अडकली होती!

आत हलणारं काहीच नाही तिच्यात. तीन छोटे कप्पे आहेत, तिन्हींचा सूर थोडा थोडा वेगळा, ते एकमेकांवर आदळून तो थरथरणारा कर्कश आवाज होतो. कंपनी ११५ डेसिबल सांगते आणि भरलेल्या जिममध्ये ते खरं वाटतं, बँड वाजतोय, स्टुडंट सेक्शन बाकांवर पाय आपटतोय, तरी दुसऱ्या टोकाचा पॉइंट गार्ड थांबतो म्हणजे थांबतो. ओली झाली तरी वाजते, दातात कितीही घट्ट धरली तरी वाजते.

पण एक आहे, हिला श्वास अगदी थोडा लागतो. जुन्या शिट्टीत छाती भरून फुंकायची सवय होती आणि तेवढ्या वेळात आपोआप विचार व्हायचा, इथे मनात आलं की वाजलीच. म्हणून पहिला आठवडा मी फक्त न वाजवण्याची प्रॅक्टिस केली. खरंच. शिट्टी तोंडात ठेवून जुन्या मॅचेसचे व्हिडिओ लावायचे, प्ले सुरू होताना, वाढताना, संपताना बघायचा आणि मगच ठरवायचं, श्वास नाकाने. सुरुवातीला कॉन्टॅक्ट दिसला रे दिसला की ओठ आवळले जायचे, मग हळूहळू कळायला लागलं की शूटरचा तोल गेलाच नाही, यात फाऊल नाही. घरात खरोखर फुंकू नका मात्र, कानांसाठी वाईट. तो सराव मी रिकाम्या ग्राउंडवर केला, आऊट ऑफ बाउंड्सला छोटी, फाऊलला कडक आणि लांब, आणि प्रत्येक वेळी शिट्टी आणि हात एकदमच. आधी आवाज आणि मागून हात असं झालं की समोरच्याला वाटतं हिची खात्री नाही, आणि कोचला एवढं पुरतं.

बाकीची तयारी म्हणजे नियम. २०२३-२४ पासून हायस्कूलच्या नॅशनल फेडरेशनच्या नियमात वन-अँड-वन (पहिला फ्री थ्रो गेला तरच दुसरा) गेलं, आता टीम फाऊल दर क्वार्टरला शून्यावर येतात आणि त्या क्वार्टरच्या पाचव्या फाऊलपासून दोन फ्री थ्रो. माझ्या डोक्यात अजून सातव्या फाऊलला वन-अँड-वन, दहाव्याला दोन असा जुना हिशोब अधूनमधून यायचा, तो घोटून घोटून काढला.

मॅचच्या दिवशी दीड तास आधी पोचले. लॉकर रूममध्ये प्रीगेम, म्हणजे रेफ्रींची मॅचआधीची बैठक, आमचे क्रू चीफ वीस वर्षं करतायत, त्यांनी कोण कुठला एरिया बघणार, क्वार्टरच्या शेवटच्या शॉटला कोण, सगळं शांतपणे घेतलं. मग म्हणाले, "दोन शिट्ट्या एकदम वाजल्या तर मूठ वर ठेव आणि थांब. ब्लॉक का चार्ज, काही दाखवू नकोस. आधी नजरेला नजर." कारण एकाने ब्लॉक (डिफेंडरचा फाऊल) दाखवला आणि दुसऱ्याने चार्ज (चेंडू घेऊन धडकणाऱ्याचा), तर दोन्ही द्यावे लागतात, डबल फाऊल. पंधरा मिनिटं आधी कोर्टवर, वॉर्म-अपवर नजर (डंक केला कुणी, म्हणजे उडी मारून चेंडू रिंगमध्ये कोंबला, तर टेक्निकल फाऊल), दहा मिनिटं आधी स्कोअर बुकात नावं आणि नंबर आले का ते बघणं, कॅप्टन, कोच. खिशात दुसरी फॉक्स ४० होतीच.

आणि तिसऱ्या क्वार्टरला नेमकं तेच झालं, दोन शिट्ट्या एकदम. मी लीड, म्हणजे बास्केटखालच्या बेसलाइनला. समोरून ड्राइव्ह आला, एक जण चेंडू घेऊन बास्केटकडे घुसला, माझ्या बाजूचा मदतीला सरकलेला डिफेंडर पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या पट्ट्यात) पाय रोवून उभा, शूटरचे पाय जमिनीवरून सुटायच्या आधीच, आणि धक्का सरळ छातीवर. मी फुंकली, त्याच क्षणी सेंटरची, म्हणजे बाजूला उभ्या रेफ्रीचीही वाजली. दोघांच्या शिट्ट्या सारख्याच, मला वाटलं माझीच दोनदा वाजली की काय. मूठ वर ठेवून त्याच्याकडे बघितलं, त्याने मान हलवली, कॉल तुझा. मग डोक्यामागे हात, म्हणजे चार्ज, बास्केट धरायची नाही, चेंडू दुसऱ्या टीमला. होम बेंच उठलं, गॅलरीतून आरडाओरडा, पण कोच मला एवढंच म्हणाला, "आधी उभा होता?" मी म्हटलं, "हो कोच, पाय सुटायच्या आधी." बसला. त्या शिट्टीत जरा जरी कच खाल्ली असती ना तर तो बसला नसता, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

रबराच्या पट्टीबद्दल. बत्तीस मिनिटांची मॅच असली तरी सगळं धरून दीड तास शिट्टी तोंडात आत-बाहेर असते, धावता धावता दातावर आपटते, तिथे ही पट्टी फार कामाची. साधं क्लासिक आणि हे यात घ्यायचं तर हेच घ्या. काळी घ्या, युनिफॉर्मवर तीच बरी दिसते. दहा डॉलरच्या आसपास मिळते, म्हणून एक नको, दोन घ्या, आणि दुसरीसुद्धा आधी वाजवून, तोंडाला सवय करून ठेवा, नवी कोरी शिट्टी मॅचमध्ये पहिल्यांदा तोंडात घालू नका. रोज वापरून झाली की कोमट पाणी आणि साबणाच्या दोन थेंबांनी धुवायची, कप्प्यांत पाणी राहू नये म्हणून झटकून उपडी ठेवायची. गळ्यातली दोरी साधी काळीच बरी.

माझ्याकडून पाच पैकी पाच. पुढची व्हर्सिटी मंगळवारी आहे, यावेळी मुलींची, दोन्ही शिट्ट्या धुऊन बॅगेत ठेवल्यात.