अरब–ज्यू संघर्षाच्या उगमावरील अभ्यासवर्ग, अलिबाग : एक अभिप्राय

अलिबागमधील एका वाचनालयाने अरब आणि ज्यू यांच्यातील संघर्षाच्या उगमावर तीन रविवारांचा अभ्यासवर्ग घेतला. ३०० रुपये शुल्कात तीन व्याख्याने, नकाशांची छोटी पुस्तिका आणि मध्यंतराचा चहा मिळतो. गाझाच्या बातम्या रोज पाहूनही हा वाद नेमका कोठून सुरू झाला हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांचे पैसे पहिल्या दोन सत्रांतच वसूल होतात. तिसऱ्या सत्राबद्दल मात्र माझी तक्रार आहे.

हे वैर हजारो वर्षांचे आहे, ही समजूत वक्त्यांनी प्रारंभीच बाजूला सारली. पॅलेस्टाइनवर पहिल्या महायुद्धापर्यंत सत्ता असलेल्या तुर्की उस्मानी साम्राज्यात ज्यूंचे स्थान दुय्यम होते हे खरे, परंतु १४९२ मध्ये स्पेनने हाकलून दिलेल्या ज्यूंना आसराही त्याच साम्राज्याने दिला होता. आजचा संघर्ष त्यांच्या मते एकोणिसाव्या शतकात जन्मला. १८८१ नंतर रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होऊ लागले, युरोपभर ज्यूद्वेष बळावला आणि १८९७ मध्ये ज्यू पत्रकार थिओडोर हर्झल यांनी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे पहिली झायोनिस्ट (ज्यू राष्ट्रवादी) परिषद भरवून पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी स्वतंत्र भूमी हे उद्दिष्ट जाहीरपणे मांडले.

त्यानंतर जमिनीचा विषय निघाला आणि सभागृहातील कुजबुज थांबली. १८५८ च्या उस्मानी कायद्याने जमिनीची नोंदणी आवश्यक केली, तेव्हा कर आणि सैन्यभरती यांच्या धास्तीने अनेक शेतकऱ्यांनी स्वतःचे नाव लावलेच नाही; जमिनी शहरातील धनिकांच्या नावावर चढल्या. बैरुतच्या सुरसुक घराण्याकडे उत्तर पॅलेस्टाइनमधील मर्ज इब्न आमिरच्या खोऱ्यातील विस्तीर्ण जमीन अशीच आली. पुढे त्यांनी ती ज्यू संस्थांना विकली आणि पिढ्यानपिढ्या कसणाऱ्या कुळांना गावे सोडावी लागली. हे सांगताना वक्त्यांनी फळ्यावर एका सातबाऱ्याची मोठी प्रत लावली होती. भोगवटादाराच्या नावावरून त्यांचे बोट ‘इतर अधिकार’ या रकान्यातील कुळाच्या नावापर्यंत आले आणि जमीन विकली गेली तर या माणसाचे काय, एवढेच त्यांनी विचारले. १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध सुरू झालेला चरीचा शेतकरी संप ज्या तालुक्यात घडला, तेथे याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज नव्हती. अर्थात ही तुलना फार ताणता येणार नाही. आपल्याकडे खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, १९४९ च्या कायद्याने संपली. तेथील कुळासाठी असा कायदा आलाच नाही, शिवाय जमीन घेणाऱ्या संस्थांचा आग्रह तिच्यावर ज्यू मजूरच राबावेत असा होता. वक्त्यांनी हा फरक ओझरताच सांगितला.

दुसरे सत्र ब्रिटिशांच्या परस्परविरोधी आश्वासनांचे होते: अरबांना स्वातंत्र्याचे आश्वासन देणारा १९१५–१६ मधील मॅकमहोन–हुसेन पत्रव्यवहार, अरब प्रदेश ब्रिटन आणि फ्रान्समध्ये वाटून घेणारा १९१६ चा सायक्स–पिको करार आणि पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय निवासाला पाठिंबा देणारे २ नोव्हेंबर १९१७ चे बाल्फोर घोषणापत्र. या घोषणापत्रात पॅलेस्टाइनमधील बहुसंख्य अरबांचा उल्लेख केवळ ‘बिगर-ज्यू समाज’ असा येतो आणि त्यांना नागरी व धार्मिक हक्कांचे अभय मिळते, राजकीय हक्कांचे नाही, हे वाक्यावाक्याने उलगडून दाखवले गेले. ब्रिटिशांच्या ताब्यात आलेल्या पॅलेस्टाइनच्या १९२२ च्या जनगणनेत सुमारे ७.५७ लाख लोकसंख्येपैकी ज्यू ८४ हजारांच्या आसपास होते; हिटलर सत्तेवर आल्यानंतर एकट्या १९३५ मध्ये ६० हजारांहून अधिक आले. या आकड्यांमुळे १९३६ च्या अरब उठावाची पार्श्वभूमी स्पष्ट होते. १९२९ मध्ये हेब्रॉन येथे साठहून अधिक ज्यूंची हत्या झाली आणि त्यांत तेथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या जुन्या ज्यू कुटुंबांतील लोकही होते, हे वक्त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. हा समतोल मला मोलाचा वाटला.

तिसऱ्या सत्रात मात्र १९३९ ते १९४८ हा सर्वांत स्फोटक काळ तासाभरात कोंबण्यात आला. पॅलेस्टाइनसाठी नेमलेल्या १९४७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर भारत होता, त्याने इराण आणि युगोस्लाव्हियासह संघराज्याची योजना सुचवली होती आणि २९ नोव्हेंबरला पॅलेस्टाइनच्या अरब व ज्यू राज्यांत फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिले, हा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा धागा दोन मिनिटांत संपला. सुमारे सात लाख पॅलेस्टिनींचे विस्थापन व्यवस्थित आले, पण इराक आणि येमेन सोडावे लागलेल्या ज्यूंना एकच वाक्य मिळाले. त्याहून खटकले ते बेने इस्रायलींबद्दलचे, म्हणजे कोकणातील मराठीभाषक ज्यूंबद्दलचे मौन. इस्रायल आळी याच गावात आहे, त्यांचे पूर्वज जेथे किनाऱ्याला लागले अशी परंपरा सांगते ते नवगावही जवळच आहे. कोकणाने ज्यांना ‘शनवार तेली’ (शनिवारी काम बंद ठेवणारे तेली) म्हणून सामावून घेतले, तो समाज कोणी हुसकावले नसतानाही १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला का गेला, हा प्रश्न अलिबागमध्ये विचारायचा नाही तर कोठे?

पुस्तिकेतील नकाशे फिक्या छायाप्रती आहेत आणि १९४७ च्या फाळणीच्या नकाशात अरब आणि ज्यू हे दोन्ही भाग एकाच करड्या छटेचे दिसतात. वर्ग संध्याकाळी असल्याने रेवदंडा–मुरूडकडील मंडळी शेवटची एसटी गाठण्यासाठी प्रश्नोत्तरांच्या आधीच उठतात. पुढच्या वेळी वर्ग दुपारी ठेवावा, एक रविवार वाढवावा आणि त्यासाठी १०० रुपये जास्त घेतले तरी हरकत नाही.