मुलांच्या एच. पायलोरीसाठी स्टूल अँटिजेन तपासणी: पैसे कधी घालावेत?

मुलाच्या पोटदुखीसाठी ‘एच. पायलोरी’ (जठरात राहणारा एक जिवाणू) लिहिलेली चिठ्ठी घेऊन रत्नागिरी, कणकवली किंवा सावंतवाडीतल्या लॅबमध्ये जाल, तर आधी एकच विचारा: रक्त घेणार की शी? रक्त म्हणाले तर पैसे भरण्याआधी डॉक्टरांशी पुन्हा बोला. रक्ताची कार्ड टेस्ट अँटिबॉडी, म्हणजे जिवाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं, बघते. जिवाणू मेल्यावरही अँटिबॉडी महिनोन्‌महिने रक्तात राहतात, आणि लहान मुलांत कधी जिवाणू असूनही त्या पुरेशा तयार झालेल्या नसतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी फसगत.

शीची अँटिजेन तपासणी थेट जिवाणूचे अंश शोधते. उपचारानंतर जंतू गेला का, हे बघायला तिला पाचपैकी साडेचार गुण. ‘पोरगं बेंबीपाशी दुखतंय म्हणतंय, बघूया काय निघतं’ या कामाला एक, तोही उदार मनाने. बेंबीभोवतीच्या दुखण्यामागे बद्धकोष्ठ, जंत, शाळेचा ताण असं बरंच काही असतं, आणि एच. पायलोरी पोटात असूनही बहुतेक मुलांना त्याचा काही त्रास नसतो. नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर 14 दिवस दोन-दोन अँटिबायोटिक्स सुरू होतात आणि दुखणं आहे तिथेच राहतं. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी (लोहाच्या सिरपनेही शी काळी होते, ते सांगायला विसरू नका), झोपेतून उठवणारं दुखणं, घटणारं वजन, यातलं काही असेल तर शीची तपासणी पुरत नाही. दुर्बिणीने जठराचे बारीक तुकडे तपासायला घ्यावे लागतात. लोह देऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल तर वाडीत अनवाणी फिरणाऱ्या मुलांत हुकवर्म (आतड्यात रक्त शोषणारा जंत) आधी बघावा.

आता उपचारानंतरची तपासणी. अँटिबायोटिक्सचा शेवटचा डोस झाल्यावर किमान चार आठवडे थांबायचं, सहा ते आठ झाले तर उत्तम. पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारखी पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी तपासणीच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून बंद करायची. या औषधांनी जिवाणू दबतो, मरत नाही. मग रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि घरचे निर्धास्त होतात. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

नमुना घेताना शौचकूपावर प्लास्टिक पसरा. लघवी, पाणी, फिनेल लागू देऊ नका. दोन-तीन ठिकाणची मिळून हरभऱ्याएवढी शी पुरते. पाण्यासारखे जुलाब होत असतील तर थांबा. अँटिजेन पातळ होऊन चुकीचं निगेटिव्ह येऊ शकतं. डबी घट्ट लावून वेगळ्या पिशवीत फ्रीजच्या खालच्या खणात ठेवा, बांगडे माशांशेजारी नको. दोन ते आठ अंशांत ती साधारण तीन दिवस टिकते, पण पावसाळ्यात वीज रात्रभर गेली तर त्या तीन दिवसांना काही अर्थ नाही. सकाळी नवा नमुना द्यावा. नमुना मुंबईला किंवा घाट चढून कोल्हापूरला जाणार असेल तर शनिवारी देऊ नका. रविवारी तो कुठे पडून राहणार, बर्फाची पिशवी कोण बदलणार, हे काउंटरवर स्पष्ट विचारा. उत्तर ‘होतं सगळं बरोबर’ असं आलं, तर दुसरी लॅब बघा.

लॅब शीची तपासणी तिथल्या तिथे कार्डावर करत असेल तर शी जास्त झाल्याने द्रव अडकतो आणि पुढे सरकत नाही. कंट्रोलची रेघ (कार्ड नीट चाललं हे दाखवणारी) आली नाही तर कार्ड बाद, निकाल नाही. माहितीपत्रकात दिलेल्या वेळेत उमटलेली फिकट रेघसुद्धा पॉझिटिव्ह. अर्ध्या तासाने दिसलेली रेघ मोजायची नाही. एलायझा पद्धत (लॅबमध्ये यंत्रावर मोजून केलेली तपासणी) आणि मोनोक्लोनल किट (एकाच ठरावीक प्रकारची अँटिबॉडी वापरणारं) मिळत असेल तर कार्डापेक्षा तेच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

फुंकर मारायची युरिया ब्रीद टेस्टही उपचारानंतर जंतू गेला का हे बघायला चांगली, पण साधारण सहा वर्षांखालच्या मुलांत तिचा भरवसा कमी, आणि मुलासाठी कार्बन-13 चीच मागावी. कार्बन-14 किरणोत्सारी असतो.

रिपोर्ट घेताना त्यावर पद्धत, नमुना घेतल्याची तारीख आणि तो लॅबला पोचल्याची वेळ छापलेली आहे का ते बघा. खाली ‘आयजीजी’ (अँटिबॉडीचा एक प्रकार) लिहिलेलं दिसलं तर पैसे रक्ताच्याच टेस्टचे घेतले आहेत.